बोर्ड घ्यायचाय? आधी पाणी बघा!

गोव्यात पॅडल बोर्डवर उभं राहिलात, फोटो झकास आला आणि आता स्वतःचाच बोर्ड हवाय? थांबा. माझ्यासारखे धाराशिवकर असाल, तर पहिला प्रश्न रंगाचा नाही, पाण्याचा! 2016च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं, आठवतंय ना? म्हणजे बोर्डालाच पाण्यापर्यंत न्यावं लागणार. मग गॅलरीत न मावणारा कडक बोर्ड विसरा, हवा भरायचा घ्या. गुंडाळून सॅकमध्ये बसतो, एसटीतही नेता येतो.

नवख्यांना साधारण 10 ते 11 फूट लांब, 32 इंच रुंद बोर्ड बरा. अरुंद बोर्ड पळतो मस्त, पण पाडतोही! वजनमर्यादा बघताना सामानही धरा. हवा कंपनी सांगेल तेवढी, बहुतेकदा 12 ते 15 पीएसआय, भरायचीच. कंटाळा केलात तर बोर्ड मधोमध वाकतो. (दंड भरून येतात, जिमचे पैसे वाचले.) लाइफ जॅकेटवर मात्र पैसे वाचवू नका.

आणि हो, पावसाळ्यात नळदुर्गचे नर-मादी धबधबे कोसळत असताना बोरी नदीत बोर्ड? अजिबात नाही. काठावरून फोटो काढा. वाहत्या पाण्यात घोट्याला बांधलेली बोर्डाची दोरी कशात अडकली, तर सोडवायला हात पोचत नाही.