खेळातला दगड कोणी उचलावा?

आपण सारे लहानपणी गोट्या खेळलो आहोत. गोटी आणि गल यांच्या मध्ये काडी किंवा खडा आला, की भांडण ठरलेले. एक म्हणतो, “मी हा खडा उचलणार.” दुसरा म्हणतो, “नाही, आहे तसेच खेळ.” आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत होतो. असली भांडणे आम्ही रोज सोडवली.

मोठ्या माणसांच्या एका खेळातही हाच प्रश्न येतो. त्या खेळाचे नाव गोल्फ. आपल्या शिरोड्यात तो कोणी खेळत नाही. पण मुंबईत चेंबूरला आणि पुण्यात येरवड्याला त्याची मोठी मैदाने आहेत. चेंबूरचा क्लब १९२७ साली निघाला.

खेळ सोपा आहे. लांब काठीने लहान चेंडू मारत न्यायचा आणि जमिनीतल्या गलात पाडायचा. गल सव्वाचार इंच रुंद असतो. असे अठरा गल असतात. ज्याचे फटके कमी, तो जिंकला.

मैदान म्हणजे काही सारवलेले अंगण नव्हे. तिथे झाडे, झुडपे, वाळू, पाणी सारे असते. मग अडथळा आला तर काय करायचे?

मुख्य नियम असा : चेंडू जसा पडला तसाच मारायचा. पण जे सुटे आहे ते उचलता येते. वाळलेले पान, मोडलेली काटकी, सुटा दगड, गुराचे शेण, मुंग्यांनी वर काढलेली माती, हे सगळे बाजूला सारावे. वाळूच्या खड्ड्यातला दगडसुद्धा उचलता येतो. ही मोकळीक २०१९ सालापासून मिळाली. वाळू आणि भुसभुशीत माती मात्र सारता येत नाही. ती फक्त गलाजवळच्या हिरवळीवर सारता येते.

जे रुजलेले आहे त्याला हात लावायचा नाही. फांदी मोडली किंवा गवत उपटून वाट केली, तर दोन फटक्यांचा दंड बसतो.

पावसाचे डबके साचले, तर दंड नाही. चेंडू उचलून जवळच कोरड्या जागी टाकावा. पण गलाच्या जवळ सरकायचे नाही, बरे का! चेंडूजवळ साप किंवा मधमाश्या असल्या, तरीही तशीच सूट आहे. जीव वाचवणे आधी, खेळ मागाहून. काट्यांच्या झुडपाला मात्र ही सूट नाही. तिथून चेंडू बाहेर काढायचा, तर एक फटका दंड द्यावा लागतो.

आता खरी मेख पाहा. पान उचलताना चेंडू हलला, तर एक फटका दंड. शिवाय चेंडू होता तिथे परत ठेवायचा. हिरवळीवर दंड माफ आहे, पण चेंडू जागेवर ठेवावाच लागतो. हे पाहणार कोण? मैदान भले मोठे. प्रत्येकामागे पंच नसतो. म्हणून खेळाडूनेच आपला दंड आपण सांगायचा.

बॉबी जोन्स नावाचा एक अमेरिकन खेळाडू होता. १९२५ साली तो अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धेत खेळत होता. उंच गवतात त्याची काठी गवताला लागली आणि चेंडू जरासा हलला. दुसऱ्या कोणी ते पाहिले नव्हते. पण त्याने आपण होऊन एक फटका वाढवून घेतला. शेवटी त्याचे आणि विली मॅकफार्लेन याचे फटके सारखे झाले. मग पुन्हा सामना झाला आणि त्यात जोन्स हरला. तो एक फटका सांगितला नसता, तर स्पर्धा आधीच त्याच्या हाती आली असती.

आपल्या शेताच्या बांधावरही दगड असतात. रात्री तो दगड वीतभर सरकवला, तर कोण पाहणार? पाहणारा एकच, आणि तो आपल्याच घरात राहतो. सुटे काय आणि रुजलेले काय, हे त्याला चांगले कळते.