ब्लू कार्ड विकत मिळत नाही

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या मुलामुलींपुढे आता पुण्या-मुंबईच्या जोडीला जर्मनीचाही पर्याय आहे. भारतीय कुशल मनुष्यबळासाठी वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसा देण्याची घोषणा जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. या घोषणेमुळे एक गैरसमज मात्र बळावू शकतो: योग्य एजंट गाठून पैसे भरले की ‘युरोपियन ब्लू कार्ड’ हाती येते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. उच्चशिक्षितांना काम आणि वास्तव्य यांची एकत्र परवानगी देणारे हे कार्ड युरोपियन युनियनने २००९ मध्ये आणले आणि जर्मनीने २०१२ पासून लागू केले. ते मुख्यतः तीन गोष्टींवर मिळते: मान्य पदवी, त्या पदवीला साजेशा नोकरीचा किमान सहा महिन्यांचा करार आणि कायद्याने ठरवलेला किमान पगार. यांपैकी एकही गोष्ट एजंटाच्या हातात नाही.

पगाराची अट दरवर्षी बदलते. २०२५ साठी ती वर्षाला ४८,३०० युरो होती. अभियंते, वैज्ञानिक, आयटी तज्ज्ञ, डॉक्टर, पशुवैद्यक अशा टंचाईच्या व्यवसायांसाठी आणि गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांसाठी ती ४३,७५९.८० युरो होती. करारातला आकडा त्या वर्षीच्या अटीहून कमी असेल तर कितीही ओळखी असल्या तरी ब्लू कार्ड मिळत नाही. पदवीचेही तसेच आहे. आपले विद्यापीठ जर्मनीत मान्य आहे का, हे ‘अनाबिन’ या सरकारी माहितीकोशात कोणालाही फुकट पाहता येते. तिथे पदवीची नोंद नसेल तर तुल्यतेचे प्रमाणपत्र मागवता येते. आयटी क्षेत्रात तर नोव्हेंबर २०२३ पासून पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांतला तीन वर्षांचा दर्जेदार अनुभव चालतो.

जर्मन येत नसेल तर कार्ड मिळतच नाही, हा दुसरा गैरसमज. ब्लू कार्डासाठी जर्मन भाषेची अट नाही. तरीही भाषेवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही, कारण कायमच्या वास्तव्याची परवानगी बी-१ पातळी असेल तर २१ महिन्यांत आणि केवळ ए-१ असेल तर २७ महिन्यांत मागता येते. डॉक्टर आणि पशुवैद्यकांना व्यवसायाचा परवाना आधी लागतो आणि तो भाषेवाचून मिळत नाही. या कार्डामुळे माणूस एकाच कंपनीशी बांधला जातो, हेही खरे नाही. पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलताना परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावे लागते आणि ते कार्यालय आक्षेप घेऊ शकते; पुढे ते बंधन राहत नाही. पती किंवा पत्नीलाही भाषेच्या परीक्षेविना येऊन काम करता येते.

महाराष्ट्र आणि बाडेन-व्यूर्टेंबर्ग यांच्यात २०२४ मध्ये झालेला करार परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा कुशल कामगारांसाठी आहे. जून २०२४ पासूनचे ‘संधी कार्ड’ तिथे जाऊन नोकरी शोधण्यासाठी आहे. ही दोन्ही ब्लू कार्डे नव्हेत. तीन वेगळ्या वाटा एकाच नावाने विकणारा माणूस फसवतो तरी आहे किंवा अजाण तरी आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे: जिंतूर-गंगाखेडच्या कुटुंबाने इंग्रजी-जर्मन अर्जांचे जंजाळ एकट्याने कसे पेलायचे? मदत घेण्यात काहीच गैर नाही. पण मदतीला कायद्याची चौकट आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी बंधनकारक आहे, त्याचे शुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापलीकडे जाऊ शकत नाही आणि त्याची नोंदणी ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येते. कुणी लाखो रुपये मागत असेल, तर तो नियमाबाहेरचा व्यवहार आहे. म्हणून जमीन गहाण टाकण्याआधी तीन प्रश्न विचारा: पदवी मान्य आहे का, करार कोणत्या कंपनीचा आहे आणि त्यावर पगार किती लिहिला आहे? तिन्ही उत्तरे कागदावर दिसेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.