हरळी आणि वसंत : गोल्फच्या मैदानाची मशागत व तिची परिभाषा

पांझरा नदीच्या काठी वसलेल्या पिंपळनेरच्या परिसरात, तद्वतच एकंदर खानदेशात, उन्हाळ्यात शेत खोल नांगरून ढेकळे उन्हात तापू देण्याची जुनी वहिवाट आहे. या वहिवाटीमागील एक प्रमुख हेतू हरळीचा नाश हा होय. उलटपक्षी, खासगी क्लबांच्या गोल्फ मैदानांवर हेच गवत मोठ्या खर्चाने लावले जाते, त्यास पाणी व खत दिले जाते, आणि त्याच्यावर पाऊल कोठे पडावे यासंबंधी नियमही केले जातात. शेतकऱ्याचे तण ते माळ्याचे पीक, असा हा प्रकार आहे. या मैदानांच्या वार्षिक डागडुजीची आखणी करताना जो घोटाळा वारंवार होतो, त्याचे मूळ मात्र गवतात नसून एका शब्दाच्या भाषांतरात आहे.

प्रथम गवताच्या नावाचा विचार करू. संस्कृतातील 'दूर्वा' हा शब्द मराठीत पूजेपुरता राहिला; शेतात मात्र 'हरळी' हेच नाव चालते. 'हरिताली' हा शब्द संस्कृत कोशांत दूर्वा याच अर्थाने आढळतो, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. लिनियसने १७५३ साली या गवतास पॅनिकम वर्गात घातले, व १८०५ मध्ये पेर्सूनने त्याचे सायनोडॉन डॅक्टिलॉन असे नामकरण केले. पहिल्या पदाचा अर्थ 'श्वानदंत', दुसऱ्याचा संबंध बोटाशी. इंग्रजीत त्यास बर्म्युडा गवत म्हणतात. परंतु ते मूळचे बर्म्युडा बेटांतील नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूसवालेही त्यास खानदेशातील कापूसवाल्यांप्रमाणेच शत्रू मानीत. त्याच मुलखात, जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे, ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने या गवताचे संकर तयार केले. टिफग्रीन (१९५६), टिफवे (१९६०) व टिफड्वार्फ (१९६५) ही वाणे त्यांतूनच पुढे आली, आणि उष्ण देशांतील गोल्फ मैदानांवर पसरली.

आता तो शब्द. गोल्फच्या देखभालीची इंग्रजी पुस्तके ब्रिटनसारख्या थंड हवेच्या देशांतून आली. त्यांत बहुतेक महत्त्वाची कामे 'स्प्रिंग'मध्ये करावी, असे सांगितलेले असते. तेथील गवते शीत ऋतूतील असल्याने हिवाळा सरताच ती जोमाने वाढू लागतात, आणि जमिनीस पाडलेली छिद्रे उन्हाळ्यापूर्वी भरून निघतात. 'स्प्रिंग' म्हणजे वसंत, आणि वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, हे समीकरण आपल्याकडे शाळेपासून पक्के असते. परंतु चैत्र-वैशाखात खानदेशातील पारा चाळीस अंशांच्या वर जातो व विहिरींचे पाणी तळास लागते. शब्दाचे भाषांतर बिनचूक आणि ऋतूचे चूक, असे हे उदाहरण आहे.

हरळी ही उष्ण ऋतूतील वनस्पती होय. मातीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरले की ती निपचित पडते. पौष-माघातील थंड रात्रींत ती निस्तेज दिसते ती यामुळेच. फाल्गुनात रात्री उबदार झाल्या म्हणजे ती पुन्हा फुटते. त्या वेळी हलकी विंचरणी व थोडे खत एवढे पुरे. उन्हाचे तिला वावडे नाही, वावडे आहे ते तहानेचे. म्हणून जिला सावरण्यास पुष्कळ पाणी लागते अशी मोठी शस्त्रक्रिया पाणी अपुरे असता करणे शहाणपणाचे नव्हे. यावरून आपल्याकडील आखणीचे सूत्र असे निघते : मातीचे काम वसंतात, गवताचे काम मृगात.

मातीचे काम म्हणजे पाण्याचा निचरा, वाळूच्या बंकरांची पुनर्बांधणी, फटका मारण्याच्या चौथऱ्यांची समपातळी आणि नळ बदलणे. काळ्या जमिनीत हे काम कोरड्या दिवसांतच शक्य असते. ही माती भिजली की फुगते, सुकली की तिला भेगा पडतात. म्हणूनच खळग्याभोवतालचा अतिशय बारीक कापलेला भाग, ज्यास 'ग्रीन' म्हणतात, तो काळ्या मातीवर न करता आणलेल्या वाळूवर करावा लागतो. अमेरिकन गोल्फ संघटनेने १९६० साली यासाठी एक रचना प्रसिद्ध केली : तळाशी निचऱ्याचे नळ, त्यांवर सुमारे दहा सेंटिमीटर खडी, आणि वर सुमारे तीस सेंटिमीटर वाळूचा थर. मृग नक्षत्र जूनच्या ७ वा ८ तारखेस लागते. तेव्हा तेथून मागे मोजीत यावे. जे खोदकाम मेअखेर मिटणार नाही ते त्या वर्षी आरंभूच नये. उघडा पडलेला उतार पहिल्याच सरीत वाहून जातो, आणि त्याबरोबर वर्षाचा खर्चही.

गवताचे मुख्य काम म्हणजे पोकळ दातऱ्यांनी जमिनीतून मातीच्या गुळ्या उपसून छिद्रांत वाळू भरणे. कापणीयंत्रांनी व पावलांनी दडपलेल्या मातीत हवा खेळावी, हा त्याचा हेतू. ते केव्हा करावे याचे उत्तर देणारा शब्द इंग्रजीत एका पदात सापडत नाही. मराठी शेतकऱ्याजवळ तो आहे. तो म्हणजे 'वाफसा'. माती ओली असता दातरा चालविला तर छिद्रांच्या कडा लिंपल्या जातात, कोरडी असता तो आत शिरत नाही. पहिल्या पावसानंतर वाफसा येताच काम केले तर भर वाढीतील हरळी थोड्याच आठवड्यांत छिद्रे झाकते. तांत्रिक परिभाषेसाठी संस्कृत धातूंकडे धावण्यापूर्वी शिवारात डोकावणे इष्ट, असे येथे म्हणावेसे वाटते.

मैदान किती दिवस बंद ठेवावे, यावर सभासदांत मतभेद होतात. क्लबचालकांस पांझरेकाठच्या फड पद्धतीपासून यासंबंधी काही घेता येईल. तेथे बंधारा व पाट यांची निगा लाभधारकांनी सामाईकपणे राखावयाची असते. पाणी कोणास केव्हा हे पाटकरी पाहतो, आणि पाण्याच्या पाळीत लहानमोठा असा भेद नसतो. अठरा खळग्यांच्या मैदानात नऊ बंद व नऊ चालू ठेवण्याची पद्धत याच जातीची आहे, मात्र पाळी अगोदर ठरलेली हवी. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानास लोक अद्यापि 'गोल्फ क्लब' म्हणतात, तेथे खेळतात मात्र क्रिकेट. नाव टिकविण्यास हिरवळ लागत नाही, खेळ टिकविण्यास लागते.

नवी ग्रीन लावावयाची झाल्यास बियांचा उपयोग नाही, कारण उपर्युक्त संकरित वाणे वांझ असतात. त्यांच्या कांड्या तोडून पसराव्या लागतात. उसाच्या कांड्यांस खानदेशात 'बेणे' म्हणतात, तोच शब्द येथे लागू पडतो. प्रत्येक पेऱ्यातून नवा फुटवा निघतो. नांगराने तुटलेली हरळी शेतभर पसरते तीही याच गुणामुळे, आणि म्हणूनच शेतकरी ती नुसती तोडीत नाही, मुळासकट वेचून बांधावर उन्हात टाकतो.