नक्कल, पण प्रामाणिक

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका एअर शोला गेलो होतो. जुन्या बी-१७ बाँबर विमानाशेजारी दहाबारा हौशी मंडळी दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या वेशात उभी होती. चामडी जॅकेटे, मेंढीच्या कातड्याचे कोट, प्राणवायूचे मुखवटे, सगळा जामानिमा. माझ्या मुलीने विचारले, "बाबा, हे सगळं खोटं आहे ना?" उत्तर वाटले तितके सोपे नव्हते.

मुळात हा पोशाख मिरवण्यासाठी नव्हता. बी-१७ मध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. २५,००० फुटांवर हिवाळ्यात तापमान उणे ४० अंशांपर्यंत उतरे. प्राणवायू तुटला की काही मिनिटांत शुद्ध हरपे. उघड्या हाताने बंदुकीला स्पर्श केला, तर कातडी धातूला चिकटे. म्हणून मेंढीचे कातडे आणि पुढे विजेवर तापणारे सूट आले.

या अस्सल वस्तू आता ८० वर्षांच्या झाल्या. त्या अंगात घातल्या तर घामाने आणि ताणाने फाटतात. इतिहासाचा पुरावाच नष्ट होतो. म्हणून नक्कल हवीच. चांगला कारागीर मूळ जॅकेटचे टाकेसुद्धा मोजतो. १९३१ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या ए-२ जॅकेटच्या लेबलावर ३०-१४१५ हा ड्रॉइंग क्रमांक असे. चांगल्या नकलेत तोही असतो, आणि गोची इथेच होते. अशी नक्कल घासून, मळवून अस्सल म्हणून विकता येते. कधी तर तिच्यावर युद्धात मेलेल्या एखाद्या वैमानिकाचे नावही चढवतात.

मीही फसलो आहे. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरच्या अमेरिकन सैनिकांनी आपले कितीतरी बिल्ले भारतातल्या स्थानिक कारागिरांकडून शिवून घेतले होते. आपल्या माणसाच्या हातचे काम म्हणून मी असा एक कापडी बिल्ला हौसेने विकत घेतला. घरी अतिनील दिव्याखाली धरला, तर धागा निळा लखलखला. धाग्याला अशी चमक आणणारी शुभ्रक द्रव्ये युद्धानंतर सर्रास वापरात आली. अर्थात ही चाचणी निर्णायक नव्हे. जुना बिल्ला आजच्या साबणाने धुतला तरी चमकतो. पण माझ्या बिल्ल्याची मागची बाजूही अगदी कोरी करकरीत होती.

प्रामाणिक कारागीर आतल्या बाजूला स्वतःचे नाव आणि साल पुसता येणार नाही असे घालतो. आम्ही प्रोग्रॅमवर आवृत्तीचा क्रमांक घालतो, तसेच हे.

मुलीला मी म्हणालो, "खोटं नाही गं, नवं आहे. पण विकत घ्यायचं असेल, तर आधी आतलं लेबल बघायचं."