ओलिसाला अपहरणकर्ता भला का वाटतो?
२०१८ साली बर्लिन महोत्सवात आलेला ‘सेव्हन डेज इन एन्टेबी’ पाहून तरुण मंडळी मला विचारतात, तो जर्मन अपहरणकर्ता विल्फ्रीड ब्योझे एवढा मवाळ कसा? अहो, २७ जून १९७६ ला पळवलेल्या त्या विमानात पाणी, संडास, औषध, सगळं त्यांच्याच परवानगीनं! ‘हो’ म्हणणारा मग देव वाटतो. वॉर्डात हलता न येणाऱ्या पेशंटला बेडपॅन देणारी नर्स वाटते तसाच. हे प्रेम नव्हे, जगण्याची धडपड. डोकं शाबूतही राहतं: बेंगाझीला एका नर्सनं गर्भपाताचं सोंग करून सुटका करून घेतली. (शाब्बास!) पुढे एन्टेबीला इस्रायलींना वेगळं काढलं, तेव्हा एका ओलिसानं ब्योझेला हातावरचा नाझी छावणीचा नंबर दाखवला. मी तसा नाही, असं तो म्हणाला. हत्यार मात्र हातातच राहिलं.