ना तूप, ना दही, तरी पंगत रंगते

2015 साली 'फूडीहब' पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून दादरच्या 'आस्वाद'ची मिसळ निवडली गेली, तेव्हा तिचं केवढं कौतुक झालं. त्या कौतुकात एक गोष्ट राहून गेली. मटकीची उसळ, कट, फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबू... दह्याची वाटी बाजूला सारली तर मिसळीत प्राणिजन्य असं काहीच नाही. वडापावचंही तेच. 1966 मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी जो वडा पावात घातला, त्यात बटाटा, बेसन, तिखट-मसाला आणि तेल. पाव तेवढा बेकरीवाल्याला विचारून घ्यायचा, कारण काही ठिकाणी वरून दूध किंवा लोणी फिरवतात. आपले हे दोन लाडके पदार्थ मुळातच व्हीगन आहेत.

म्हणून घरात कुणी व्हीगन झालं की 'आता आल्यागेल्याला काय वाढायचं?' हा जो घोर लागतो, तो मला अनाठायी वाटतो. नकली चिकन आणि नकली चीज यांच्यामागे धावण्याआधी आपल्याच फडताळातले डबे उघडून बघावेत. त्या डब्यांतल्या या काही गमती, आणि थोड्या बाहेरच्या जगातल्याही.

बायकोसाठी केलं, पाहुण्यांनी उचलून धरलं

इंग्लंडात बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला, एलिझाबेथला, अंडं सोसत नसे. कस्टर्ड तर अंड्याशिवाय होत नाही. 1837 मध्ये बर्ड यांनी कॉर्नफ्लोअर वापरून बिनअंड्याचं कस्टर्ड केलं, तेही फक्त घरापुरतं. एकदा जेवायला आलेल्या मंडळींना चुकून तेच वाढलं गेलं आणि मंडळींनी मिटक्या मारत खाल्लं, असं सांगतात. तिथून कस्टर्ड पावडरचा धंदा सुरू झाला. यीस्टही चालत नाही म्हणून 1843 मध्ये त्यांनी बेकिंग पावडर तयार केली. आज घराघरांत केक फुगतो तो या नवऱ्याच्या खटपटीमुळे.

घरातल्या एका माणसासाठी केलेला स्वयंपाक सगळ्यांना आवडू शकतो, याचा यापेक्षा गोड पुरावा मला ठाऊक नाही. कस्टर्ड पावडर नारळाच्या पातळ दुधात शिजवा आणि घट्ट दूध गॅस बंद करताना घाला. घट्ट दुधाला खळखळून उकळी आली की ते फाटतं.

कस्तुरबांचा तोडगा

गांधीजींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलं. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना ते अतिशय आजारी पडले आणि दुखणं हटेना. डॉक्टर म्हणत होते दूध घ्या, आणि व्रत आड येत होतं. तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की व्रत घेताना तुमच्या मनात गाई-म्हशीचं दूध होतं, मग शेळीच्या दुधाला हरकत कसली? गांधीजींनी ते मानलं, पण त्याची सल त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे.

मला या गोष्टीत कस्तुरबाच मोठ्या वाटतात. व्रत एकाचं असतं, काळजी मात्र घरच्या सगळ्यांना वाहावी लागते. बी12 हे जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं ते 1948 मध्ये, म्हणजे त्या काळी कुणाला त्याचं नावही माहीत नव्हतं. आज माहीत आहे, आणि ते भाजीपाल्यातून भरवशाने मिळत नाही. घरातल्या व्हीगन माणसाने डॉक्टरांना विचारून बी12 ची गोळी चालू ठेवावी. यात तडजोड नको.

मटण-मासळीवाल्यांची समजूत

रविवारी मटणाशिवाय न जेवणारे मामा येणार असले तर मालवणची युक्ती वापरावी. मालवणी घरात कोंबडी-वडे जितके मानाचे, तितकंच काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे. भाजलेला कांदा तोच, भाजलेलं खोबरं तेच, मालवणी मसाला तोच आणि वडेही तेच, फक्त कोंबडीच्या जागी रात्रभर भिजवून मऊ शिजवलेले काळे वाटाणे. विदर्भात हेच काम पाटवडी करते. बेसन शिजवून थापलेल्या वड्या सावजी रश्श्यात सोडल्या की कपाळावर घाम येतो आणि तरी हात थांबत नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या ढाब्यांवर अख्खा मसूर मागवणारे बहुतेक जण काही शाकाहारी नसतात. रश्श्याला खमंगपणा येतो तो भाजलेल्या वाटणाने आणि वर आलेल्या तर्रीने, हे या तिन्ही ठिकाणच्या सुगरणींना पक्कं माहीत आहे.

मासळीवाल्यांसाठी काप. गोव्यात श्रावणात मासळीखाऊ घरंही शिवराक जेवतात, आणि तेव्हा तव्यावर सुरण, वांगी किंवा नीरफणस येतो. त्यात नीरफणसाला तोड नाही. साल काढून, मधला दांडा कापून, अर्ध्या बोटाच्या जाडीचे काप करायचे. मीठ, हळद, लाल तिखट आणि कोकमाचं आगळ चोळून पाव तास ठेवायचे. काप ओलसर झाले की रवा आणि थोडं तांदळाचं पीठ यांत दाबून घोळवायचे. तवा तापला की तेल सोडून आच मंद करायची. मोठ्या आचेवर रवा करपतो आणि आतला गर कच्चा राहतो. कडा तांबूस दिसेपर्यंत उलटायची घाई नको. बाहेर कुरकुरीत, आत मऊ पिठूळ असा काप सोलकढीबरोबर वाढला की सुरमईची आठवण येते खरी, पण तक्रार येत नाही. सोलकढी तर कोकम आणि नारळाची, तिच्यात दुधाचा थेंब कधी नव्हताच.

बांगड्याच्या तिखल्यात पडणारं तिरफळ गोव्याच्या खतखत्यातही पडतं. बी काढून टाकायची, साल जराशी ठेचून शेवटी घालायची. वाटणात वाटलं तर कडू होतं. तो वास आला की किनाऱ्यावरच्या माणसाला जेवण ओळखीचं वाटतं.

आणि फणस! कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची भाजी कोकणात पिढ्यान् पिढ्या होते. पाश्चात्त्य देशांत तोच फणस आता डबाबंद होऊन 'मांसाला पर्याय' म्हणून विकला जातो. बंगाली माणसाने तर त्याला केव्हाच झाडावरचा बोकड ठरवून टाकलं आहे. केरळने 2018 मध्ये फणसाला राज्यफळ केलं, ते योग्यच झालं.

मिरचीच्या देठांचं दही

व्हीगन घरात सर्वांत जास्त चुटपुट लागते ती दह्याची. त्यावर शेंगदाण्याचं दही हा उत्तम उपाय. डॉ. नंदिता शहा यांनी 2005 मध्ये 'शरण' ही संस्था काढली आणि दुधाविना स्वयंपाक शिकवायला घेतला. 2016 सालचा नारीशक्ती पुरस्कारही त्यांना मिळाला. या मंडळींमुळे हे दही अनेक घरांत पोचलं.

वाटीभर शेंगदाणे रात्री भिजत घाला. सकाळी चोळून सालं काढा आणि तीन वाट्या पाण्याबरोबर गंधासारखे बारीक वाटून गाळून घ्या. हे दूध मंद आचेवर सतत ढवळत उकळा. कच्च्या दाण्याचा हिरवट वास गेला पाहिजे, आणि हात थांबला तर खाली लागतं. कोमट झालं की त्यात हिरव्या मिरच्यांचे आठ-दहा देठ टाकून झाका. या देठांवर दही लावणारे जिवाणू असतात, विरजणाचं काम तेच करतात. उन्हाळ्यात सहा-आठ तासांत लागतं, थंडीत उबेला ठेवावं लागतं. देठ काढून टाका आणि पुढच्या खेपेला यातलंच चमचाभर विरजण ठेवा. नुसतं खाल्लं तर दाण्याची चव कळते. दहीबुत्तीत किंवा पुदिन्याच्या रायत्यात, वरून हिंग-मोहरीची फोडणी बसली की सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. खमंग काकडीला तर याचीही गरज नाही. तिला दाण्याचं कूट, लिंबू आणि फोडणी पुरते.

छोल्यांचं पाणी ओतून देऊ नका

2014 मध्ये ज्योएल रोसेल या फ्रेंच गायकाच्या लक्षात आलं की डबाबंद छोल्यांचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसतं. पुढच्या वर्षी गूज वोल्ट या अमेरिकी सॉफ्टवेअर इंजिनिअरने त्याला 'ॲक्वाफाबा' हे नाव दिलं. आपल्याकडे डबा कशाला हवा? मीठ न घालता छोले शिजवा, उरलेलं पाणी बुळबुळीत होईपर्यंत आटवा, गार करा आणि बीटरने घुसळा. साधारण तीन मोठे चमचे पाणी म्हणजे एक अंडं, असा हिशोब धरतात.

अंड्याचा वास हवा असेल तर काळं मीठ. त्यातल्या गंधकामुळे तो वास येतो. टोफूची भुर्जी कांदा-टोमॅटो-मिरचीवर परता आणि काळं मीठ अगदी शेवटी भुरभुरा. मुलं डब्यात ही भुर्जी आनंदाने नेतात.

हिरव्या ठिपक्याआड

पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हीगन नव्हे. त्यात दूध, तूप, मध सगळं बसतं. बिस्किटांत दूध पावडर असू शकते, आणि 'नॉन-डेअरी' म्हणवणाऱ्या काही क्रीमरमध्येही दुधातलं केसिन असतं. 2022 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले. आता इंग्रजी व्ही अक्षर आणि त्यावर पान असलेलं हिरवं चिन्ह बघायचं. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाची कथा तर अंगावर काटा आणते. तो पूर्वी जनावरांच्या आतड्यांच्या पडद्यांत ठेवून कुटला जाई. 2016 मध्ये प्राधिकरणाने वर्ख बनवताना प्राणिजन्य वस्तू वापरायला मनाई करणारा नियम काढला.

याउलट गूळ! परदेशात काही कारखान्यांत साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा वापरतात. आपल्या गुऱ्हाळांत रसातली मळी काढायला परंपरेने भेंडीचा चिकट रस घालतात. गूळ स्वच्छ होतो तो भेंडीमुळे, हे कळल्यापासून माझा गुळावरचा जीव वाढला आहे.

इथिओपियाचं पिठलं

इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वर्षातले साधारण 180 दिवस उपास करतात, आणि उपासाला मांस, दूध, लोणी, अंडी काहीच चालत नाही. त्यामुळे तिथल्या घरांत व्हीगन ताट ही नेहमीची बाब. त्या ताटात 'शिरो' असतो, म्हणजे हरभरा किंवा इतर कडधान्यांचं पीठ कांदा-लसूण-मिरचीमसाल्यात शिजवलेलं. चक्क पिठलं! खाली आंबवलेल्या पिठाची जाळीदार 'इंजेरा', आपल्या आंबोळीची लांबची बहीण. कोरड्या पठारावरच्या दोन माणसांना एकमेकांना न भेटता तीच गोष्ट सुचावी, याचा मला मनापासून आनंद होतो.

तुपाची वाटी आणि इतर नाजूक प्रश्न

वरणभात वाढला की आत्याची नजर तुपाच्या वाटीकडे जाणारच. अशा वेळी वरणभात करूच नये, गोळाभात करावा. नागपूरकडे या भातावर कढवलेलं हिंग-मोहरीचं तेल घालायचीच रीत आहे. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि वर करडईचं कच्चं तेल. तिथे तुपाची आठवण कुणाला होत नाही.

पाहुण्यांना आधी सांगायचं का? मी म्हणेन, जरूर सांगायचं. या स्वयंपाकात दाणे, काजू, तीळ, सोयाबीन भरपूर असतं आणि कुणाला त्यांची ॲलर्जी असू शकते. मात्र प्रत्येक वाटीसोबत 'यात दूध नाही हं' म्हणत बसू नये. पानात कौतुक पदार्थाचं व्हावं.

गोडाला बासुंदी-श्रीखंडाची नक्कल मला पटत नाही. ज्या पदार्थाचा जीवच दुधात आहे, तो दुधाविना केविलवाणा होतो. त्यापेक्षा गूळ-वेलचीच्या नारळरसात बुडवलेले शिरवाळे, हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या, काकडीचं धोंडस, गोव्याचा दोदोल. पुरणपोळीही तेलावर भाजून, कोकणातल्यासारखी नारळाच्या दुधाबरोबर वाढावी. उकडीच्या मोदकाला उकड काढताना चमचाभर खोबरेल तेल घातलं तरी पारी तितकीच लुसलुशीत होते.

राहता राहिला प्रश्न पाहुणे हातात घेऊन येतात त्या पेढ्यांच्या पुड्याचा. तो दारात नाकारला तर आत्याचं मन दुखावतं आणि ठेवून घेतला तर घरात कोण खाणार? म्हणून आमंत्रणाच्या फोनवरच मोकळेपणाने सांगून टाकावं, "आत्या, येताना पेढे नको, तुमच्या हातची तिळाची चटणी आणा." तेवढ्याने आत्याही स्वयंपाकात सामील होतात.