जुन्या मोटारींचे सुटे भाग टपावरून नेताना

मुंबईच्या मटन स्ट्रीटवर आणि कुर्ल्यात जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा धंदा करणारे आमचे अनेक बांधव आहेत. डेन्टर, रेडिएटरवाले, क्रोम चढवणारे कारागीरही याच धंद्यावर पोट भरतात. माल पारखण्यात यांचा हात धरणारा कोणी नाही. पण हाच माल गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचवताना जी हेळसांड होते, तिच्याविषयी आम्ही आज लिहीत आहोत.

या मालाची किंमत हल्ली वेगळ्या कारणाने वाढली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘विंटेज’ नोंदणीचे नियम काढले. गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार नसावा, ही त्यातली अट. त्यामुळे अस्सल बॉनेट किंवा पुढची जाळी आता नुसता पत्रा राहिलेली नाही. ती वाटेत वाकली तर दुसरी मागवता येत नाही.

पूर्वी असा माल काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या कॅरियरवर टाकला की काम भागे. त्या टॅक्सीच्या टपाला दोन्ही कडांना पन्हळ होती आणि कॅरियर तिच्यात घट्ट बसे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. आजच्या बहुतेक गाड्यांना ती पन्हळच नाही. टपावर किती वजन चालेल हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक लहान गाड्यांना ते पन्नास ते पंचाहत्तर किलो असते आणि बहुधा कॅरियरचे वजनही त्यातच धरलेले असते. म्हणजे जुन्या गाडीची दोन-तीन दारे आणि एक बॉनेट चढवले की हिशेब संपला! इंजिनचा ओतीव ब्लॉक टपावर टाकण्याचा तर विचारही करू नये. वर वजन गेले की घाटातल्या वळणावर गाडी कलते, आणि मग मालाबरोबर माणसेही धोक्यात येतात.

खरा शत्रू मात्र वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. शहरात चाळीसच्या वेगाने मुकाट बसलेले बॉनेट द्रुतगती मार्गावर ऐंशीला पंखासारखे उचलू पाहते. म्हणून त्याची पुढची कड खाली दाबलेली असावी, वाऱ्याला आत शिरायला फट ठेवू नये. आडव्या दोन पट्ट्यांवर समाधान मानू नये. पुढच्या बाजूने खाली गाडीच्या टो हुकापर्यंत वेगळा बंध घ्यावा.

दोरीच्या बाबतीत आमचे लोक फार काटकसर करतात. काथ्या क्रोमवर ओरखडे पाडतो. नायलॉनची दोरी ताणते, आणि पावसात भिजली की आणखी सैल पडते. रॅचेटचे पट्टे थोडे महाग पडतात, पण एका बंपरवर पुन्हा क्रोम चढवण्याच्या खर्चात असे किती पट्टे येतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा. पट्ट्याला एक पीळ दिला की तो वाऱ्याने फडफडत नाही. गोणपाटात खडे-माती असते, ती सँडपेपरचे काम करते. त्यापेक्षा जुनी धुतलेली गोधडी बरी. पावसाळ्यात वर प्लास्टिक लावाल तर उघड्या पत्र्याला आधी तेलाचा हात फिरवावा, कारण आत दम धरला की गंज चढतो. आणि निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळावेत, कारण धक्क्यांनी माल बसतो आणि बंध सैल होतात.

काही वस्तू टपावर चढवूच नयेत. बॉनेटवरची नक्षी आणि हँडल पुष्कळदा जस्ताच्या ओतीव धातूची असतात. ती वाकत नाहीत, तुटतात, आणि जोड नीट बसत नाही. दिव्यांच्या काचा, घड्याळे आणि स्टिअरिंगचे चाक गाडीच्या आत मांडीवर घेऊन बसलेले चांगले.

माल गाडीच्या बाहेर डोकावत असेल तर कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १९४ (१ए) प्रमाणे, मर्यादेबाहेर आलेल्या मालाबद्दल वीस हजार रुपये दंड आहे, शिवाय माल तिथेच उतरवावा लागतो. लांब बंपर रुंदीत आडवा बांधण्याची सवय म्हणूनच सोडावी.

वाटेत मोडतोड झाली तर कोणी सोसायची, यावरून जुनी घरोब्याची गिऱ्हाइके तुटलेली आम्ही पाहिली आहेत. मालविक्री कायदा १९३० नुसार वेगळे ठरलेले नसेल तर जोखीम मालकीबरोबर जाते. म्हणजे तयार, नक्की केलेल्या वस्तूचा विनाअट सौदा झाला की सामान्यतः ती गिऱ्हाइकाची होते, पैसे व ताबा मागाहून असला तरी. पण पोहोचवण्याचे काम आपण पत्करले तर तो माल आपल्या हाती अमानत असतो, आणि १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी आपल्यालाही घ्यावी लागते. सैल दोरी दाखवून ‘नशीब’ म्हणता येत नाही. तेव्हा माल चढवण्यापूर्वी त्याची स्थिती आणि नुकसानीची जबाबदारी बिलावर दोन ओळीत लिहून दोघांनी सही करावी, आणि बांधलेल्या मालाचा एक फोटो काढून ठेवावा.